कॅमेरा-बंधन, पाण्याखालील

स्वयंपूर्ण श्वसनसाधन (स्कूबा) लावून पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्याजवळील कॅमेरा हातातून सुटू नये, कोठे अडकू नये आणि त्यात पाणी शिरू नये, यासाठी योजण्यात येणाऱ्या साधनांचा व रीतींचा यात समावेश होतो. जमिनीवर हातातून निसटलेला कॅमेरा पायाशी पडतो. पाण्यात तो वर तरंगत जातो किंवा तळाकडे बुडत जातो. त्याच्यामागे जाणे पाणबुड्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हा विषय केवळ उपकरणाच्या किंमतीचा नसून प्रामुख्याने पाणबुड्याच्या सुरक्षिततेचा आहे.

इतिहास : विल्यम टॉम्प्सन यांनी १८५६ मध्ये इंग्लंडमधील वेमथ येथे पेटीत बसविलेला कॅमेरा होडीतून समुद्रात सोडून छायाचित्र घेतले. पेटीत पाणी शिरले, तरीही धूसर प्रतिमा मिळाली. फ्रेंच जीववैज्ञानिक ल्वी बूताँ यांनी १८९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथे पाण्याखाली उतरून छायाचित्रे घेतली. त्यांची सामग्री इतकी अवजड होती की, ती तळावर ठेवूनच वापरावी लागे. झाक-ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या श्वसनसाधनामुळे पाणबुड्या मुक्तपणे पोहू लागला आणि कॅमेरा त्याच्या हातात आला. जपानमध्ये १९६३ साली निघालेल्या निकोनॉस या कॅमेऱ्यास वेगळ्या जलरोधी आवेष्टनाची गरज नव्हती. अंकीय कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर स्वतंत्र आवेष्टने पुन्हा सर्रास वापरात आली.

भौतिक तत्त्वे : समुद्रात दर १० मी. खोलीस दाब सुमारे १ वातावरण इतका वाढतो, ३० मी. खोलीवर एकूण दाब सुमारे ४ वातावरणे असतो. १० मी. खोलीवरून पृष्ठभागी येताना दाब निम्मा होतो व बॉइल नियमानुसार हवेचे घनफळ दुप्पट होते. वर निसटलेल्या कॅमेऱ्यामागे श्वास रोखून झेपावणाऱ्या पाणबुड्याची फुप्फुसे यामुळे फाटू शकतात व हवेचे बुडबुडे रक्तप्रवाहात शिरू शकतात. वेगाने वर आल्यास ऊतकांत विरघळलेल्या नायट्रोजनाचेही बुडबुडे होतात. मिनिटाला सुमारे ९ मी. ही वर येण्याच्या वेगाची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळण्यात येते. याउलट बुडणाऱ्या कॅमेऱ्याचा पाठलाग केल्यास पाणबुड्या ठरविलेल्या खोलीपलीकडे जातो व त्याचा हवेचा साठा लवकर संपतो.

कॅमेरा व आवेष्टन मिळून होणारे वजन त्यांनी विस्थापित केलेल्या पाण्याच्या वजनाहून किंचित जास्त असावे, असे सामान्यतः पसंत करतात. वजन फार जास्त झाल्यास दिव्यांच्या दांड्यांना तरंगणारे तुकडे जोडतात. सामग्री तरंगत असल्यास लहान वजने लावतात.

बांधण्याच्या रीती : लहान कॅमेऱ्यास मनगटी पट्टा पुरतो, मात्र तो सैल राहू नये म्हणून त्यावर सरकती गुंडी असते. मोठी सामग्री दोरीने पाणबुड्याच्या जाकिटावरील धातूच्या कडीस जोडतात. गुंडाळी असलेली, ताणल्यावर लांब होणारी दोरी सोयीची ठरते, कारण ती खाली लोंबत नाही. जोडणीसाठी खटक्याचा आकडा वापरतात. तो हातमोजे घातलेल्या एका हाताने उघडता यावा. कॅमेरा आणि आकडा यांच्यामध्ये दोरीचा लहान फास ठेवणे इष्ट असते. खटका अडकून बसल्यास फास चाकूने कापता येतो. धातूला धातू थेट जोडल्यास ही सोय राहत नाही. मासेमारीच्या जाळ्यात वा बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत सामग्री गुंतली, तर ती तेथेच सोडून देता आली पाहिजे, हा येथील मूळ नियम होय. दोरी श्वसननळीजवळून किंवा गळ्याभोवती कधीही नेत नाहीत.

पाण्यात शिरताना पाणबुड्याचा एक हात मुखवटा व श्वसनमुखावर लागतो. म्हणून मोठा कॅमेरा हातात धरून होडीवरून उडी मारीत नाहीत. पाणबुड्या पाण्यात स्थिर झाल्यावर होडीवरील व्यक्ती तो त्याच्याकडे देते किंवा आधीच सोडलेल्या दोरीस तो अडकवून ठेवलेला असतो. बाहेर येताना हाच क्रम उलटा असतो.

जलरोधन : आवेष्टनाच्या सांध्यात रबरी वर्तुळाकृती कडे असते. बाहेरील दाबाने ते खाचेत अधिक घट्ट बसते. परंतु एखादा केस वा वाळूचा कणही गळतीस पुरेसा होतो. म्हणून कडे पुसून त्यावर निर्मात्याने सांगितलेल्या वंगणाचा पातळ थर देतात आणि प्रथम रिकामे आवेष्टन पाण्यात बुडवून पाहतात. काही आवेष्टनांत आतील हवेचा दाब कमी करून तो टिकतो की नाही, हे पाहण्याची सोय असते. वापरानंतर सामग्री गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढून टाकतात.

परिसराचे रक्षण : लोंबणारा कॅमेरा प्रवाळांवर आपटून त्यांचे नाजूक सजीव भाग नष्ट करतो. महाराष्ट्रात १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात व तेथे हौशी पाणबुडेही उतरतात. अशा ठिकाणी सामग्री छातीशी आवळून ठेवणे, ही कॅमेऱ्याच्या जपणुकीइतकीच समुद्रजीवांच्या जपणुकीची बाब ठरते. प्रवाहात किंवा अल्प दृश्यतेत दोन्ही हात मोकळे ठेवण्याची गरज भासल्यास छायाचित्रण थांबवून कॅमेरा कडीस अडकविणे श्रेयस्कर असते.