सातव्या वजाबाकीला ६१७४

१९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. मोठीतून लहान वजा केली की ९३५१. आता या अंकांचं तेच करा: ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. इथून हलता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च! चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत मुक्काम हाच. (मधे उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावायला विसरू नका.)

१९०५ हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं जन्मवर्ष. डहाणूत जन्मलेल्या, देवळालीत शाळामास्तर असलेल्या कापरेकरांना ६१७४ची ही करामत १९४६ मध्ये सापडली. गणितातलं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं आणि आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम क्षुल्लक वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर पोचलं.

मला हे काम मुळीच क्षुल्लक वाटत नाही. सगळ्या वाटा ६१७४कडेच का जातात, हे विचारून पाहा. अंक उतरत्या क्रमाने मांडा. पहिल्या-शेवटच्या अंकांतला फरक गुणिले ९९९, मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. या दोहोंची बेरीज म्हणजेच वजाबाकीचं उत्तर. १९०५ साठी ८९९१ अधिक ३६०, बरोबर ९३५१. म्हणजे उत्तर दोन फरकांवरच ठरतं. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा त्याहून मोठा असूच शकत नाही. अशा जोड्या भरतात ५४. हजारो संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येते! त्या ५४ वहीत तपासल्या की सिद्धता पूर्ण. आठवीतल्या मुलीला ती स्वतःच्या हाताने करता येते, आणि हा आनंद तिला शाळेत क्वचितच मिळतो याची खंत वाटते.

तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकींना एकच ठिकाण नाही. त्यांची चक्रं तीन. ५३९५५ आणि ५९९९४ हे सर्वांत छोटं. उरलेली दोन चार-चार संख्यांची आहेत, तुम्हीच शोधा.