मूळपेशीची डोपामिन-पेशी कशी होते?

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात खाजकुयली वाढते. तिच्या बियांत एल-डोपा असते, आणि मेंदूतल्या काही चेतापेशी त्यापासूनच डोपामिन बनवतात. कंपवातात नेमक्या याच पेशी मरतात. मूळपेशींतून त्या घडवताना नवी जनुके घालावी लागत नाहीत. आहेत तीच क्रमाने जागवायची: आधी फॉक्सए2, एलएमएक्स1ए, मग एनआर4ए2, पुढे टीएच. टीएचपासून बनणारे विकर टायरोसिनचे एल-डोपा करते. क्रम चुकला की भलतीच पेशी हाती येते. क्योटोत 2018 साली अशा पेशींच्या रोपणाची चाचणी सुरू झाली. 7 रुग्णांवरचे निष्कर्ष 2025 मध्ये आले, ते खरोखर आशादायक आहेत. पण भारतात हा मान्य उपचार नाही. अमरावती-अकोल्यातल्या रुग्णांच्या घरच्यांनी जाहिरातींना भुलू नये, खाजकुयलीच्या बियाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.