भीमाशंकर अभयारण्यातील पदभ्रमण : आखणी परतीपासून

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि भीमा नदीचे उगमस्थान म्हणून भीमाशंकर सर्वपरिचित आहे. पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरील येथील सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. आपला राज्यप्राणी शेकरू याच अरण्यात सुखाने नांदतो. यात्रेकरूंच्या जोडीला आता शाळांच्या सहली आणि हौशी मंडळीही डोंगरवाटांनी येथे पायी येऊ लागली आहेत. ही पायपीट उद्बोधक आहे यात शंका नाही. तथापि तिची आखणी करताना 'वर जायचे कसे' एवढाच विचार बहुधा होतो. 'परतायचे केव्हा आणि कोणत्या वाटेने' हा प्रश्न दिवस कलल्यावर रानातच उभा राहतो. वस्तुतः आखणीचा प्रारंभ याच प्रश्नाने व्हावयास हवा.

वाटेची निवड

कोकणातून येणाऱ्यांना कर्जत तालुक्यातील खांडस गावापासून दोन वाटा आहेत. गणेश घाटाची वाट लांबची, परंतु सोपी. शिडी घाटाची वाट जवळची, परंतु कातळात लावलेल्या लोखंडी शिड्यांची; पावसाळ्यात तेथील दगड निसरडे होतात. दोन्ही वाटा वर पदरवाडीजवळ एकत्र येतात. उतरताना येथेच वाट चुकली, तर थकलेला गट नकळत शिड्यांच्या तोंडाशी जाऊन पोहोचतो. यास्तव विद्यार्थ्यांच्या गटाने शिडी घाट वर्ज्य समजावा आणि वाट जाणणारा स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा.

वेळेचा हिशेब

डोंगरातील चालीचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटर अंतरास एक तास आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास, असा तो हिशेब आहे. उदाहरणार्थ, दहा किलोमीटरची वाट आणि ९०० मीटरचा चढ असल्यास साडेतीन तास लागतील. मात्र हा वेग सराव असलेल्या प्रौढाचा आहे. चाळीस विद्यार्थ्यांचा गट त्यातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाच्या गतीने चालतो. त्यासाठी वेळ दीडपट धरला, तर सव्वापाच तास होतात. सकाळी सातला निघालेला गट वाटेतील विश्रांती धरून माथ्यावर पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजून जातो. भोजनास एक तास आणि उतरण्यास चार तास धरले, तर पायथा गाठण्यास सायंकाळचे सहा उलटतात. डिसेंबरमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि दाट झाडीत अंधार त्याही आधी पडतो.

या हिशेबाचा निष्कर्ष उघड आहे. लहान मुलांना एका दिवसात चढवून पुन्हा उतरवू नये. गणेश घाटाने चढून माथ्यावरून मंचरमार्गे एस. टी.ने परतावे आणि गाडीची वेळ आगारातून आधीच विचारून घ्यावी. माघारीची वेळही निघण्यापूर्वीच ठरवावी. दुपारी बारापर्यंत पदरवाडी गाठली नाही, तर तेथूनच मागे फिरणे यात कमीपणा नाही.

पावसाळ्यात हा हिशेबही अपुरा ठरतो. पायथ्याशी उघडीप असली तरी माथ्यावरील सरींनी ओढे अचानक फुगतात. अशा वेळी ओढा न ओलांडता पाणी ओसरण्याची वाट पाहावी. मुलांच्या सहलीस पावसाळ्यानंतरचे, ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे दिवस योग्य होत. त्यापुढे ऊन वाढते, झरे आटतात आणि वणव्याचे भय असते.

नियमांमागील कारणे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशास परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण व पर्यटन यांसाठी तो दिला जातो. पावसाळ्यात काही वाटा बंद ठेवल्या जाऊ शकतात. म्हणून वनविभागाकडे आधी चौकशी करणे अगत्याचे आहे. अभयारण्यात आग लावण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे भोजन शिजवून न्यावे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्यासाठी त्याला सलग, गुंफलेल्या फांद्यांची गरज असते. म्हणून सरपणासाठी तोडलेली एक फांदी म्हणजे त्याच्या रस्त्यावरचा मोडलेला पूल होय. नागमोडी वाट सोडून सरळ खाली धावल्यास माती सुटते, पुढल्या पावसात तेथे घळ पडते आणि वर्षाकाठी वाटच वाहून जाते.

गावाचा वाटा

या डोंगरांत महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. देवराईतील काटकीही न उचलण्याची रीत इकडच्या गावांनी अधिनियमापूर्वी कित्येक पिढ्या पाळली आहे. वाट चुकलेल्यांच्या शोधार्थ रात्री बत्त्या घेऊन निघतात तीही गावातलीच माणसे. तेव्हा आखणीतही त्यांना स्थान असणे न्याय्य ठरते. वाटाड्यांची यादी व त्यांचा मोबदला, एका दिवशी किती गटांना सोबत द्यायची, गावाच्या पिण्याच्या पाण्यापासून दूर मुक्कामाची जागा, आणि आणलेला कचरा परत नेण्याची अट, या चार बाबी ग्रामसभेने वनविभागाशी विचारविनिमय करून निश्चित केल्यास पाहुण्यांची सोय होईल आणि गावाचा भारही हलका होईल.

शिक्षकांनी सहलीपूर्वी वर्गातच नकाशा पसरून वरील हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. गटातील सर्वांची नावे, निघण्याची वाट आणि परतीची वेळ लिहिलेला एक कागद पायथ्याच्या गावात व दुसरा शाळेत ठेवावा. ठरलेली वेळ टळली की शोध कोठून सुरू करावयाचा, हे त्या कागदावरूनच कळेल.