घरकामाचे तास कोण मोजतो?

१२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. कपडे उतरवून त्यांची झडती घेतली गेली, अडीच लाख डॉलरच्या जामिनावर त्या सुटल्या. देश खवळला. दिल्लीत चाणक्यपुरीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे सुरक्षा कठडे सरकारने उचलले, अमेरिकी अधिकाऱ्यांची ओळखपत्रं परत मागवली. खोब्रागडे यांचे वडील निवृत्त सनदी अधिकारी, मुंबईच्या ‘बेस्ट’चे माजी महाव्यवस्थापक, त्यामुळे महाराष्ट्राला हा अपमान जास्तच जिव्हारी लागला. एका राजनैतिक अधिकारी बाईला अशी वागणूक देणं चूकच होतं, आणि ते तेव्हा सगळ्यांनी ठणकावून सांगितलं. पण मूळ तक्रार त्यांच्या घरी कामाला असलेल्या बाईच्या पगाराची होती. तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोललं नाही.

अमेरिकी सरकारी वकील प्रीत भरारा यांच्या कार्यालयाचा आरोप असा होता : व्हिसासाठी दाखवलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर आणि आठवड्याला ४० तास लिहिले होते. म्हणजे महिन्याला सुमारे १,६९० डॉलर. त्याशिवाय आणखी एक करार होता, तो मात्र महिना ३० हजार रुपयांचा. त्यांच्या हिशेबाने ते तासाला ३.३१ डॉलर पडत होते. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. जून २०१३ मध्ये बाई घर सोडून गेली, दिल्लीच्या न्यायालयात तिच्याविरुद्धच वॉरंट निघालं. पुढे मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला काढून टाकला. दोनच दिवसांत नवं आरोपपत्र आलं. पगार योग्य होता की नाही, याचा निवाडा त्या निकालात झालाच नाही.

‘खाऊन-पिऊन, राहून तीस हजार मिळतात, अजून काय पाहिजे?’ हा प्रश्न तेव्हा आपल्या अनेक घरांत विचारला गेला. आमच्या सोनई गावच्या भावाने पाहिलं तर रक्कम मोठीच वाटते. पण ती बाई सोनईत राहत नव्हती. बसचं तिकीट, फोन, औषध, सगळं तिला डॉलरमध्ये घ्यायचं होतं. आणि राहायची जागा मालकाच्याच घरात असली की कामाची वेळ संपते कधी? रात्री मूल रडलं, पाहुणे उशिरा आले, तर उठायचं तिनेच.

असं काम सोडूनही जाता येत नाही, ही अडचण सोनईकरांना समजावून सांगायला नको. मुळा साखर कारखान्याचं गाळप सुरू व्हायचं झालं की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीचे कोयते येतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, दुसऱ्याकडे जास्त मजुरी मिळत असली तरी. परदेशात घरकामाला गेलेल्या बाईच्या बाबतीत उचलीची जागा व्हिसा घेतो. आखाती देशांतल्या ‘कफाला’ पद्धतीत तिचा मुक्काम मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. अनेक देशांनी आता नियम सैल केले, तरी पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहण्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. हाँगकाँगमध्ये लेखी करार आणि किमान पगार आहे, आठवड्याची सुट्टी आहे, पण मालकाच्याच घरी राहण्याची सक्तीही आहे आणि करार मोडला तर साधारण दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडावं लागतं. एवढ्या मुदतीत नवं काम कोण शोधणार? म्हणून बाई सोसत राहते. मालक स्वभावाने दुष्टच असला पाहिजे असं नाही. तिला निघून जाता येत नाही हे त्याला माहीत असतं, आणि तेवढ्याने वागणं बदलतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. आठवड्यात सलग २४ तास विश्रांती, स्वतःची कागदपत्रं स्वतःजवळ, सुट्टीच्या वेळी मालकाच्या घरी थांबण्याची सक्ती नाही, अशा अगदी साध्या गोष्टी त्यात आहेत. फिलिपिन्सने, जिथून लाखो बाया घरकामाला बाहेर जातात, २०१२ मध्येच त्याला मान्यता दिली. भारताने अजून दिलेली नाही.

आता आपल्या गावात पाहा. मुलं पुण्याला, कुणाची अमेरिकेत, बंगल्यात म्हातारा-म्हातारी. त्यांच्याजवळ चोवीस तास राहणारी बाई लागते. ती कुठल्या तरी लांबच्या तालुक्यातून येते. रात्री तीन वेळा आजींना बाथरूमला नेते, सकाळी सहाला चहा ठेवते. तिचा कप ओट्याखालच्या फळीवर वेगळा असतो, कानतुटका. सुट्टी मागितली की मुलगी फोनवर म्हणते, ‘मावशी, तुम्ही घरच्याच ना, मग आईला असं एकटं टाकून कशा जाता?’ ही माया खरी असू शकते, पण तिने बाईची झोप भरून निघत नाही. घरच्या माणसाला वेगळा कप देत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या त्या ४० तासांचा हिशेब या घरात करायला बसलं, तर पहिल्या दोन दिवसांतच आठवडा संपतो.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याखाली नोंदणी होते, आणि कोरोनाच्या २०२१ च्या निर्बंधांत नोंदणीकृत बायांना १,५०० रुपयांची मदत जाहीर झाली. लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने घरालाही कामाची जागा मानलं. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला, म्हणजे खोब्रागडे यांच्या अटकेच्या तीनच दिवस आधी. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्या न्यूयॉर्कवर होत्या. घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, हे कितीजणींपर्यंत पोचलं?

नोंदणीचं गाडं अडतं ते आणखी एका ठिकाणी. अर्जासोबत ती ज्या घरी काम करते तिथल्या मालकाचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून मालकावर पगारवाढीचं किंवा निवृत्तिवेतनाचं कसलंही ओझं येत नाही, तरी ‘उगाच कागदावर नाव कशाला’ म्हणून लोक सही टाळतात. बाई दोनदा विचारते, तिसऱ्यांदा विचारत नाही. काम जाईल याची भीती असते. बंगल्यातल्या आजींच्या मुलाने पुढच्या खेपेला गावी आल्यावर तो कागद स्वतः मागून घ्यावा, सही करावी, आणि आठवड्यातला एक दिवस बदली बाई ठेवायचं ठरवूनच परत जावं.