हात गेल्यावर: शस्त्रक्रिया आणि कृत्रिम हात

मळणीयंत्र, कडबाकुट्टी, कारखान्यातील प्रेस, विजेचा धक्का, रेल्वे आणि रस्त्यावरचे अपघात ही हात गमावण्याची आपल्याकडील नेहमीची कारणे. पुढचे उपचार मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतात: किती वेळ गेला आणि हात किती उरला.

तुटलेला हात पुन्हा जोडता येतो. १९६२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने एका बारा वर्षांच्या मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात जोडला. संपूर्ण तुटलेला हात जोडण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. स्नायू रक्ताविना फार काळ तगत नाहीत. साधारण सहा तासांत रक्तप्रवाह सुरू व्हावा लागतो. गारव्यात ही मुदत वाढते. म्हणून तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट त्वचेला लागू देऊ नये. हात चिरडला गेला असेल, तर जोडणे बहुधा शक्य नसते.

अशा वेळी सर्जन हाताची जास्तीत जास्त लांबी राखतात. कोपर वाचले, तर कृत्रिम हाताला फक्त पकडीचे काम उरते. कोपरावरून हात गेला, तर यांत्रिक कोपरही लागते, वजन वाढते आणि वापर अवघड होतो. खांद्यापासून हात गेला, तर सर्वांत कठीण.

कापलेल्या चेतातंतूंच्या टोकांना गाठी येऊन वेदना होतात. शिकागोचे डॉ. टॉड कुइकेन आणि डॉ. ग्रेगरी डुमॅनियन यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत या चेतातंतूंना जवळच्या बिनकामाच्या स्नायूंशी जोडण्याची पद्धत विकसित केली. मूठ मिटण्याचा विचार येताच तो स्नायू आकुंचन पावतो आणि त्या संकेतावर कृत्रिम हात मिटतो. वेदनाही कमी होतात. १९१७ मधील क्रुकेनबर्ग शस्त्रक्रियेत मनगटापुढचा हात गेलेल्यांच्या अग्रबाहूची दोन हाडे वेगळी करून चिमटा तयार करतात. तो दिसायला विचित्र, पण त्याला स्पर्श कळतो. दोन्ही हात आणि दृष्टी गमावलेल्यांना त्याचा मोठा आधार होतो.

कृत्रिम हात तीन प्रकारचे. पहिला केवळ दिसण्यासाठी: हलका, पण कामाला बेताचा. दुसरा खांद्याच्या हालचालीने ओढल्या जाणाऱ्या तारेवर चालतो. त्याच्या टोकाला अनेकदा आकडा असतो. तो दणकट, दुरुस्तीला सोपा आणि धूळ-पाण्यात टिकणारा असल्याने शेती व कारागिरीला सोयीचा. तिसरा मायोइलेक्ट्रिक: त्वचेवरील इलेक्ट्रोड स्नायूंचे सूक्ष्म विद्युतसंकेत टिपतात आणि मोटर बोटे हलवते. त्याची पकड चांगली, पण तो महाग, जड आणि रोज चार्ज करावा लागणारा असतो.

हात प्रत्यारोपण भारतात पहिल्यांदा जानेवारी २०१५ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात झाले. मुंबईत २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात. हात नाकारला जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांमुळे जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचे विकार आणि कर्करोगाचा धोका वाढतो. चेतातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे संवेदना परतायला महिने, कधी वर्षे लागतात. म्हणून हा पर्याय प्रामुख्याने दोन्ही हात गमावलेल्यांसाठी विचारात घेतात.

पर्याय कोणताही असो, सूज उतरवणारी पट्टी, व्यायाम आणि सराव चुकत नाही. नसलेला हात दुखल्याचा भास होत असेल, तर आरशासमोरच्या व्यायामाने काहींना आराम पडतो. मुंबईत हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था नागरिकांना कृत्रिम अवयव देते. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांसाठी काम करते. गरजूंना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून साहाय्य मिळते. मात्र एका हाताने सारे उरकायची सवय जडली, की कृत्रिम हात बहुधा कपाटातच राहतो. म्हणून जखम भरताच लवकरात लवकर तो बसवून घ्यावा.