युनिट वाचलं, पाणी किती गेलं?

हैदराबादजवळच्या पोचारममध्ये इन्फोसिसची एक इमारत आहे. २०११ च्या सुमारास ती वापरात आली. तिची दोन अंगं मुद्दाम जुळ्यासारखी बांधलेली: तेवढंच क्षेत्रफळ, तीच काच, जवळपास तितकीच माणसं. एका अंगात नेहमीचं सेंट्रल एसी. दुसऱ्या अंगात स्लॅबच्या पोटात नळ्या गाडलेल्या. त्यांतून गार पाणी फिरतं आणि छतच खोलीतली उष्णता ओढून घेतं. हवा सोडायची ती श्वासापुरती आणि दमटपणा काढण्यापुरती. दोन्हीकडे मोजणी वेगळी. नळ्यांच्या बाजूला थंडाव्यासाठी ३४ टक्के कमी वीज लागली, आणि उभारणीचा खर्चही साधारण तेवढाच आला. ‘आमचं यंत्र इतकी वीज वाचवतं’ असं कुणी विकायला आला की ‘कशापेक्षा?’ असं विचारावं. पोचारमचं उत्तर भिंतीपलीकडेच होतं, म्हणून त्या आकड्याला वजन आलं.

लातूर-नांदेडला हैदराबाद परकं नाही. १९५६ पर्यंत राजधानीच ती, आणि नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादकडे बघतो. त्यामुळे तिथले आकडे इकडे उतरवून घ्यायचा मोह होतो. काही उतरवावेतही. अमेरिकेची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि हैदराबादची आयआयआयटी यांनी व्यापारी इमारतींच्या छतांवर केलेली मोजणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. उघड्या काँक्रीटच्या गच्चीला पांढरा लेप दिल्यावर थंडाव्याची वीज १० ते १९ टक्क्यांनी घटली. गच्चीच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला १३-१४ युनिटं. कोब्यावर चुना मारायला आपल्या गवंड्याला कुणी शिकवायला नको. फक्त आपल्या धुळीनं तो पांढरेपणा लवकर मळतो, आणि गच्ची धुवायला लागतं पाणी.

मराठवाड्यात हा विषय निघाला की माळवदाची आठवण निघतेच. जाड दगडी भिंती, लाकडी पाटणीवर मातीचा थर, भर वैशाखात आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात त्याच मातीखाली आणि दगडांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांनी स्लॅब जवळ केला, यात काही नवल नाही. माळवदाच्या गारव्याचे गोडवे गाणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी एवढं ध्यानात ठेवावं. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो, आणि तिच्याशी झुंजायला मग एसी येतो.

एसीला स्वस्त पर्याय म्हणजे पाण्याची वाफ करून हवा गार करणारी यंत्रं: कूलर, आणि त्याची सुधारलेली भावंडं, ज्यांत ओलावा खोलीत न सोडताही हवा थंड करता येते. कोरड्या उन्हाळ्यात ती वीज खूपच कमी खातात. विजेचं बिल पुढ्यात धरलं तर हाच पर्याय जिंकतो. पण लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथल्या चाचणीत लिटरचा रकाना नसेल तर ती चाचणी अर्धीच.

एक टन थंडावा म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणं. ते काम निव्वळ पाणी उडवून करायचं तर तासाला पाच लिटरहून थोडं जास्त पाणी जातं. बोअरचं पाणी जड असलं तर पॅडवर क्षार बसू नयेत म्हणून आणखी थोडं सोडून द्यावं लागतं, ते वेगळंच. आता एसीचं बघा. चांगल्या एसीला तेवढ्याच थंडाव्यासाठी तासाला एक युनिटच्या आसपास वीज लागते. पण औष्णिक वीजही पाणी पिते. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. म्हणजे कूलरचं पाणी लातूरच्या टाकीतून जातं आणि एसीचं दुसऱ्या कुणाच्या धरणातून. हे धरण लांबच असतं असंही नाही: परळीचं वीज केंद्र जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावीच बंद ठेवावं लागलं होतं. गच्चीवर सौर पॅनेल असेल तर गणित पुन्हा फिरतं, कारण दुपारचं ते युनिट जवळजवळ बिनपाण्याचं. माझ्या मते लातूरात पॅनेल आणि इन्व्हर्टर एसी ही जोडी आधी तपासावी. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा साठा आहे, उन्हाळाही लातूरपेक्षा कडक. तिथं वाफेच्या यंत्रांना संधी द्यायला हरकत नाही. एका विभागातली दोन शहरं, पण निकाल एकच लागेल असं नाही.

चाचणी करायची कुठं? लातूरात क्लासेसच्या इमारती त्यासाठीच बांधल्यासारख्या आहेत. एकावर एक सारखेच मजले, सारखेच बाक, ठरलेल्या वेळा. दोन मधले मजले घ्यावेत (वरचा नको, त्याला गच्चीची धग लागते), दोघांना वेगळे वीजमीटर आणि पाणीमीटर लावावेत आणि एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत नोंदी ठेवाव्यात. पावसाळा वगळला तर फसगत ठरलेली. दमट हवेत कूलर नुसता चिकचिकाट करतो. पोचारमसारखं गार छत असेल, तर तासागणिक दारं उघडून बाहेरची ओली हवा आत येईल आणि छताला घाम फुटेल. पाठ केलेल्या वह्यांवर ठिबकणारं छत कोणता क्लासवाला चालवून घेईल?

कायद्याकडून फार अपेक्षा नाही. २००७ मध्ये आलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या नव्या व्यापारी इमारतींसाठी आहे. मोंढ्यातली पेढी, दोन मजली दवाखाना, अभ्यासिका त्या चाळणीतून खाली पडतात.

खरी अडचण भाडेकराराची. छताला लेप द्यायचा, नळ्या गाडायच्या, काचेवर सावली करायची ती मालकानं. बिल भरायचं ते अकरा महिन्यांच्या भाडेकरूनं. मालकाला घाई नसते आणि भाडेकरूला भरवसा नसतो. बीएलडीसी पंख्याला मात्र ही अडचण येत नाही. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आत. वीस पंख्यांची अभ्यासिका दिवसाला पंधरा तास चालली तर रोज साडेतेरा युनिटं वाचतात, आणि वीज गेली तर बॅटरी दुपटीहून जास्त वेळ टिकते. शिवाय जागा सोडताना पंखे खोलून टेम्पोत टाकता येतात. चुना मारलेली गच्ची मालकाकडेच राहते.