लाल डोंगरांचा सातबारा

बॉस्टनच्या मराठी घरांत गणपतीची आवराआवर झाली की भोंडल्याच्या तारखांबरोबर आणखी एक विषय निघतो, 'फॉल कलर्सना यंदा कधी जायचं?' कुठे जायचं हे बहुधा ठरलेलंच असतं. न्यू हॅम्पशायर राज्यातले व्हाइट माउंटन्स गाडीने दोन-सव्वादोन तासांवर आहेत. लिंकन किंवा नॉर्थ कॉनवेला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कँकामॅगस हायवेला लागायचं.

लिंकन ते कॉनवे हा रस्ता 34.5 मैलांचा, म्हणजे सुमारे 55 किलोमीटरचा. पेनाकूक या मूळ रहिवाशांच्या सतराव्या शतकातल्या एका प्रमुखाचं नाव त्याला दिलेलं आहे. वाटेत गाव नाही, हॉटेल नाही, पेट्रोल पंपही नाही. घाटमाथा 2,855 फुटांवर आहे. तिथे गाडीतून उतरलं की खाली दरीभर रंग दिसतो. माथ्याजवळ स्प्रूस आणि फरचा काळसर हिरवा, त्याखाली बर्चचा पिवळा, मध्येच बीचचा तांबूस आणि या सगळ्यांत उठून दिसणारा मेपलचा लाल. पाणथळ जागी वाढणारा रेड मेपल सगळ्यांच्या आधी रंगतो, कधी कधी सप्टेंबरच्या मध्यालाच. ज्याच्या पाकासाठी हा मुलूख ओळखला जातो तो शुगर मेपल त्याच्यामागून केशरी होतो. त्याचा 40 लिटर रस आटवावा तेव्हा जेमतेम लिटरभर पाक मिळतो.

हा रंग येतो कुठून? दिवस लहान होऊ लागले की झाड आवराआवरीला लागतं. पानातलं हरितद्रव्य मोडलं जातं, पानातला नायट्रोजन फांदीत परत ओढून घेतला जातो आणि देठाच्या बुडाशी पान तोडणारा पेशींचा थर तयार होऊ लागतो. हिरवा ओसरला की पिवळा दिसतो, कारण कॅरोटिनॉइड ही पिवळी द्रव्यं पानात उन्हाळाभर असतातच. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी. तो देणारं अँथोसायनिन झाड बहुतांशी शरदातच नव्याने बनवतं. गळून पडायच्या पानावर झाडाने हा खर्च का करावा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. हरितद्रव्य मोडत असताना कडक उन्हाने पान भाजू नये म्हणून ही आडोशाची सोय, असं एक मत आहे. उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांनी मांडलेलं दुसरं मत असं, की लाल रंग हा माव्यासारख्या किडींना दिलेला इशारा आहे. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गोठणबिंदूच्या जरा वर राहणाऱ्या थंड रात्री मिळाल्या, तर लाल उत्तम चढतो.

मेपलखाली पडलेली पानं निरखून पाहावीत. एखाद्या लाल पानावर मधोमध पिवळा ठसा सापडतो आणि त्या ठशाला मेपलच्याच पानाची नक्षीदार कड असते. फांदीवर असताना त्याच्यावर दुसरं पान आलेलं होतं. जिथे ऊन पोचलं नाही, तिथे लाल बनलाच नाही.

आपल्या सह्याद्रीत हेच द्रव्य वसंतात दिसतं. कुसुंबाची लालभडक पालवी, आंब्याची तांबूस कोवळी पानं, पिंपळाचा तो चमकता तांबडा, हे सगळं अँथोसायनिनचंच काम. आपल्याकडे झाड पान येताना लाल होतं आणि इथे पान जाताना. मला ही जोडी फार आवडते.

पण या डोंगरांत नुसता रंग पाहून परतणाऱ्यांची मला हळहळ वाटते. इथला सातबारा रंगापेक्षाही वाचण्यासारखा आहे.

चित्रकार थॉमस कोल 1827 मध्ये इथे पहिल्यांदा आला. पुढे 1839 मध्ये त्याने क्रॉफर्ड नॉच या खिंडीचं शरदातलं चित्र काढलं, ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चित्रकारांमागून पाहुणे आले, पाहुण्यांमागून रेल्वे आणि भव्य हॉटेलं. 6,288 फुटांच्या माउंट वॉशिंग्टनवर चढणारी दातेरी चाकांची रेल्वे 1869 पासून धावते आहे. मात्र त्याच काळात, 1867 मध्ये, राज्य सरकारने आपल्या मालकीची उरलीसुरली डोंगरजमीन खाजगी लोकांना मातीमोलाने विकून टाकली. ती बरीचशी लाकूड कंपन्यांच्या हाती गेली.

त्यात सर्वांत गाजला जे. ई. हेन्री. लिंकन हे जवळपास त्याच्या मालकीचंच गाव होतं. पेमिजेवॅसेट नदीच्या खोऱ्यात त्याने स्वतःची रेल्वे घातली आणि डोंगरच्या डोंगर उघडे केले. ओंडके गिरणीत जात, फांद्या आणि शेंडे तिथेच वाळत पडत. इंजिनाची एक ठिणगी त्यांना पुरेशी होती. एकट्या 1903 च्या वणव्यांत या प्रदेशातलं 80 हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळालं. काही उतारांवर तर मातीही जळाली आणि उरलेली पुढच्या पावसात वाहून गेली.

तेव्हा जे लोक एकत्र आले त्यांची मोट विलक्षण होती. राज्याचे माजी गव्हर्नर फ्रँक रॉलिन्स यांच्या पुढाकाराने 1901 मध्ये वनरक्षणाची संस्था निघाली. महिला मंडळं तिच्यासोबत उभी राहिली. काळ्या डोंगरांकडे कोण फिरकणार, या चिंतेने हॉटेलवाले आले. खाली मेरिमॅक नदीकाठी मँचेस्टरच्या कापडगिरण्या होत्या. जंगल गेल्यावर नदीला कधी पूर तर कधी टंचाई, म्हणून गिरणीवालेही चिंतेत पडले. निसर्गप्रेम आणि पोटापाण्याची काळजी एकाच बाजूला आली, आणि माझ्या मते यश आलं ते त्यामुळेच.

अडचण कायद्याची होती. पश्चिमेकडे सरकारी जमीन भरपूर असल्याने ती राखीव करणं सोपं होतं. पूर्वेकडे जमीन खाजगी, आणि जंगलासाठी ती विकत घेण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे का, हाच वाद. प्रतिनिधीगृहाचे सभापती जोसेफ कॅनन यांचा तर निसर्गदृश्यांवर सरकारी पैसा घालवायला ठाम विरोध होता. याच डोंगरांतल्या लँकेस्टर गावी जन्मलेले आणि मॅसॅच्युसेट्समधून निवडून आलेले जॉन वीक्स यांनी वाट काढली. नौकानयनाच्या नद्यांवर केंद्राचा अधिकार चालतो, तर त्या नद्यांची उगमखोरी राखण्यासाठी जमीन घ्यावी. 1 मार्च 1911 रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्या कायद्यावर सही केली. विकायला तयार असलेल्यांकडून तुकड्या-तुकड्याने जमीन घेत 1918 मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन जाहीर झालं. आज ते सुमारे 8 लाख एकरांचं आहे.

म्हणजे आपण ज्याला अनादी जंगल समजतो ते बहुतेक शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे. पांढऱ्या सालीचा बर्च जळालेल्या उघड्या जमिनीवर आधी येतो. त्यामुळे शरदात दिसणारे त्याचे सलग पिवळे पट्टे अनेक ठिकाणी जुन्या वणव्यांच्या जागी उभे आहेत.

याच डोंगरांतल्या ब्रेटन वुड्सला माउंट वॉशिंग्टन हॉटेल लांबूनच दिसतं. पांढऱ्या भिंती, लाल छपरं, मागे डोंगररांग. 1902 मध्ये उघडलेल्या या हॉटेलात जुलै 1944 मध्ये 44 देशांची परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँकेचा पाया घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेल्या भारताच्या स्टर्लिंग शिलकेचा प्रश्न भारतीय सदस्यांनी इथे नेटाने मांडला. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला माणूस या व्हरांड्यांत वावरला, हे आठवलं की मराठी पाहुण्याचा पाय तिथून लवकर निघत नाही.

आता जाण्याविषयी. ऐन रंग सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि माथ्याकडून पायथ्याकडे उतरतो, त्यामुळे एका खोऱ्यात चुकला तर दुसऱ्यात सापडतो. शरद उबदार होत चालल्याने वेळापत्रक पूर्वीइतकं भरवशाचं राहिलेलं नाही, तेव्हा हॉटेलचा दिवस ठरवताना हात थोडा मोकळा ठेवावा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डे असतो. त्या जोडसुट्टीत कँकामॅगसवर गाड्यांची रांग लागते आणि लोक पार्किंग सोडून रस्त्याकडेला, झाडांच्या मुळांवर गाड्या चढवतात. हे पाहून फार वाईट वाटतं.

माझी विनंती एवढीच की मंगळवार-बुधवार साधा. पेट्रोल लिंकनलाच भरून घ्या. माउंट वॉशिंग्टनवर ऑक्टोबरात बर्फही पडतो, म्हणून जाड कपडे घ्या. आणि लिंकनपासून पाचेक मैलांवरच्या लिंकन वुड्सला तासभर तरी चाला. ती पायवाट हेन्रीच्या रेल्वेमार्गावरूनच जाते. लाकडाची शेवटची गाडी इथून 1948 मध्ये गेली. जुने स्लीपर अजून ठिकठिकाणी मातीत रुतलेले आहेत आणि दोन्ही बाजूंना मेपल आणि बर्च आहेत. मुलांना तिथे न्याच, आणि ही जमीन कुणी, कशासाठी विकत घेतली ते त्यांना सांगा.